पाळलेल्या मांजराचें वावडें

पुण्यांतील एका सुशिक्षित घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मनी नांवाची मांजरी तेथें सात वर्षें वावरत आहे. सकाळीं दुधाच्या भांड्याचा आवाज होतांच ती स्वयंपाकघरांत हजर होते, दुपारीं आजींच्या पायांशीं झोपते आणि रात्रीं सूनबाईंच्या पांघरुणांत शिरते. एका हिवाळ्यांत या सूनबाईंना शिंका सुरू होतात. नाक वाहतें, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि पहांटे खोकल्याची ढांस लागते. प्रथम थंडीला बोल लावला जातो, मग रस्त्यावरील धुळीला. आल्याचे, तुळशीचे काढे होतात. अखेर कोणीतरी मांजरीकडे बोट दाखवितें, आणि आजी विचारतात, “सात वर्षें जें बाधलें नाहीं, तें आतांच कसें बाधेल?”

प्रश्न बिनतोड वाटतो. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनें तो फसवा आहे. दीर्घ सहवास हा वावड्यावरील खात्रीचा उतारा नव्हे. किंबहुना वावडें उत्पन्न होण्यास आधीं सहवासच घडावा लागतो.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ सालचा. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं ‘दुसरें’ आणि ‘कार्य’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनविला. एखाद्या पदार्थाशीं एकदां गांठ पडली कीं, पुढच्या भेटींत त्याला उत्तर देण्याची शरीराची रीतच पालटते, हा त्यांचा आशय होता. मांजराच्या सान्निध्यानें दमा उसळतो, हें त्याहिपूर्वीं ठाऊक झालें होतें. १८६० सालीं दम्यावर ग्रंथ प्रसिद्ध करणारे लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर हे स्वतः दमेकरी होते, आणि मांजरामुळें आपणांस होणारा त्रास त्यांनीं नोंदवून ठेवला आहे.

शरीरांत शिरलेल्या परक्या पदार्थांना ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार करणें हें रक्तांतील कांहीं पेशींचें काम. रोगजंतूंशीं सामना असतां याच कामानें प्राण वांचतात. परंतु कित्येक व्यक्तींच्या बाबतींत, विशेषतः ज्यांच्या कुळांत दमा किंवा इसब आहे अशांच्या, निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजण्याची चूक होते, आणि इम्युनोग्लोब्युलिन ई या जातीचीं प्रतिपिंडें निर्माण होऊं लागतात. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी संशोधक दांपत्यानें अमेरिकेंत डेन्व्हर येथें १९६६ सालीं त्यांचा छडा लावला. हीं प्रतिपिंडें नाक, डोळे व श्वासनलिका यांच्या अस्तरांतील मास्ट नांवाच्या पेशींवर जाऊन बसतात. येथवर रोग्याला कांहींच जाणवत नाहीं. तोफेंत दारू ठासून ठेवावी आणि ठिणगी पुष्कळ दिवसांनीं पडावी, तसा हा प्रकार आहे. पुढें तोच पदार्थ पुरेशा प्रमाणांत आला कीं, त्या पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्यें बाहेर टाकतात आणि कांहीं मिनिटांतच शिंका येऊं लागतात.

मांजराच्या अंगचा हा पदार्थ कोणता? सामान्य समजूत केंसांना दोष देते. परंतु केंस हे केवळ वाहक होत. खरें कारण फेल डी १ या नांवाचें प्रथिन होय. तें मांजराच्या त्वचेंतील तैलग्रंथींत व लाळेंत असतें. मांजर अंग चाटतें, लाळ वाळते, आणि कोंड्याच्या सूक्ष्म कणांबरोबर प्रथिन हवेंत मिसळतें. यांपैकीं कित्येक कण मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाहूनहि लहान असल्यामुळें तासन्‌तास तरंगत राहतात व श्वासनलिकेंत खोलवर जातात. कपड्यांना चिकटून ते शाळेंत आणि कचेरींत पोंचतात. जेथें मांजर कधींच नव्हतें अशा घरांतहि ते सांपडले आहेत. म्हणून आखूड केंसांचें मांजर आणल्यानें प्रश्न सुटत नाहीं. खच्ची न केलेल्या बोक्यांत मात्र हें प्रथिन अधिक असतें.

मग सात वर्षें शरीर स्वस्थ कां राहिलें? याला एकच उत्तर नाहीं. कोणाच्या शरीरांत प्रतिपिंडें सावकाश वाढतात. कोणाला धुळीचा त्रास आधींपासून असतो, आणि त्यांत मांजराची भर पडली कीं मर्यादा ओलांडली जाते. कधीं खिडक्या बंद ठेवण्याच्या संवयीनें कणांचें प्रमाण वाढतें. उलट, मांजराच्या नित्य संगतींत कांहीं जणांचें शरीर त्याला सोसावयास शिकतें. पण ही सहनशक्ति कायमची नसते. शिक्षणासाठीं परगांवीं राहिलेला मुलगा सुटींत घरीं यावा, आणि ज्या मांजराला पूर्वीं कुशींत घेऊन निजत असे त्याच्याच जवळ शिंकूं लागावा, असेंहि घडतें.

तथापि मांजराला हद्दपार करण्यापूर्वीं अपराध सिद्ध झाला पाहिजे. गादींतील सूक्ष्म कीटक, झुरळें, पावसाळ्यांतील बुरशी हे सगळे संशयितच आहेत. पुण्याच्या परिसरांत १९५५च्या सुमारास प्रथम नजरेस आलेलें आणि पुढें देशभर पसरलेलें गाजर गवत हेंहि त्यांपैकींच.

घरोघर एक सोपी परीक्षा केली जाते. मांजर आठ दिवस शेजारीं ठेवावयाचें. उतार पडला नाहीं तर तें निर्दोष ठरवावयाचें. ही परीक्षा खोटी आहे. मांजर गेलें तरी त्याचें प्रथिन गाद्या, पडदे व सतरंज्या यांत राहतें, आणि तें पुरेसें कमी व्हावयास चार-पांच महिने, प्रसंगीं अधिकहि लागतात. उलट, सूनबाईंना माहेरीं बरें वाटलें म्हणून मांजरच दोषी ठरत नाहीं. सासरची गादी आणि तींतील कीटकहि मागेंच राहिलेले असतात. यासाठीं डॉक्टरांकडे जावें. हातावर निरनिराळ्या द्रावांचे थेंब ठेवून सुईनें हलकेंच टोंचतात. ज्या पदार्थाचें वावडें असेल तेथें पंधरा-वीस मिनिटांत पित्ताच्या गांधीसारखा फुगवटा येतो. रक्ताच्या तपासणीनेंहि प्रतिपिंडें कळतात. मात्र हा निकाल आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ बसला पाहिजे.

अपराध सिद्ध झाला तरी शिक्षा एकच नाहीं. मांजराला निजावयाच्या खोलींत मज्जाव करावा, जाड सतरंज्या काढाव्या, त्याला कुरवाळल्यावर हात धुवावे. त्याला आंघोळ घातल्याचा गुण थोडे दिवसच टिकतो. नाकांत फवारण्याचीं औषधें पुष्कळांना पुरतात. वावड्याचाच पदार्थ अल्प मात्रेंत टोंचून शरीराला संवय लावण्याचा उपचार लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं लंडनमध्यें गवताच्या परागांवर केला; तो आतां मांजराच्या बाबतींतहि होतो, पण त्याला वर्षें लागतात. छातींत शीळ वाजणें, रात्रीं दम लागून उठून बसावें लागणें, हीं लक्षणें मात्र दम्याचीं होत. तेथें भीड उपयोगी नाहीं.

सूनबाईंच्या तपासणींत मांजराचें वावडें निघालें आणि पहांटेची ढांस दम्याची ठरली. खोली वेगळी झाली, औषध सुरू झालें, तरी दम आटोक्यांत येईना. तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें मनीची रवानगी साताऱ्यास, तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या आत्याबाईंकडे झाली. महिन्याभरानें आजी म्हणाल्या, “मांजर गेलें, खोकला आहेच.” त्यांना चार-पांच महिन्यांचा हिशेब समजावून सांगितला गेला. पडदे धुतले, गाद्या बदलल्या, औषध चालू राहिलें. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास सूनबाई रात्रभर सलग झोपूं लागल्या, आणि डॉक्टरांनीं औषधाची मात्रा कमी केली. आजी सुटींत साताऱ्यास जातात. परत आल्यावर आधीं लुगडें बदलतात, मग मनीची हकीकत सांगावयास बसतात.