डीएनएमधील दोषांची ओळख : मानवी पेशीतील दुरुस्ती-एंझाइमांचे कार्य

आनुवंशिकीची परिभाषा बव्हंशी लेखनव्यवसायातून उसनी घेतलेली आहे. डीएनएला ‘मजकूर’ म्हणतात, त्यातील क्षारकांना ‘अक्षरे’, त्याच्या नकलेला ‘प्रत’ आणि नकलेतील चुका काढण्याच्या क्रियेला ‘मुद्रितशोधन’. ही रूपके सोयीची आहेत खरी. परंतु दुरुस्ती करणाऱ्या एंझाइमांच्या बाबतीत ती अभ्यासकास एका अडचणीत आणून सोडतात. मुद्रितशोधक चूक ओळखतो, ती त्याला भाषा येते म्हणून. एंझाइम हा केवळ प्रथिनाचा एक रेणू. त्यास अर्थ कळत नाही, आणि ताडून पाहण्यास त्याच्यासमोर मूळ हस्तलिखितही नसते. असे असता मानवी पेशीतील सुमारे ६०० कोटी क्षारक-जोड्यांमधून नेमकी बिघडलेली जोडी त्यास सापडते कशी, हा खरा प्रश्न होय.

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुपेडी रचना मांडली, त्या वेळी हा प्रश्न पुढे आला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्या एंझाइमांची भूमिका त्या वेळी आपल्या ध्यानातच आली नाही, अशी कबुली क्रिक यांनी १९७४ मध्ये दिली. जंबुपार किरणांसारख्या बाह्य आघाताने डीएनए बिघडते, आणि पेशी तो बिघाड कापून काढते, हे त्यापूर्वीच ज्ञात झाले होते. परंतु आघात नसतानाही, केवळ पाण्याच्या सान्निध्यामुळे, हा रेणू अहोरात्र झिजत असतो, ही गोष्ट स्वीडनमधील टॉमस लिंडाल यांच्या संशोधनाने पुढे आणली. त्यांनी १९७४ मध्येच एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत अशा झिजेवर काम करणारे पहिले एंझाइम शोधून काढले. पुढे २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझिझ सांजार यांना विभागून मिळाले.

लिंडाल यांचे एंझाइम कोणती चूक काढते, ते पाहिले म्हणजे प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. डीएनएमध्ये अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन असे चार क्षारक असतात. अ‍ॅडेनीनची जोडी थायमीनशी, ग्वानीनची सायटोसीनशी. सायटोसीनवरील अमिनो गट पाण्याच्या क्रियेने गळून पडला, की त्याचे युरॅसिल होते. एका मानवी पेशीत ही घटना दिवसाकाठी शंभर ते पाचशे वेळा घडत असावी, असा अंदाज आहे. युरॅसिल अ‍ॅडेनीनशी जोडी जमवते. यास्तव दुरुस्ती न होता नक्कल झाली, तर पुढील पिढ्यांत त्या जागी सायटोसीन-ग्वानीनऐवजी थायमीन-अ‍ॅडेनीन ही जोडी कायमची येऊन बसते.

आता आरएनए हा डीएनएचा सगोत्र रेणू थायमीनच्या जागी युरॅसिलच वापरतो. थायमीन म्हणजे दुसरे काही नव्हे, मेथिल गट चिकटवलेले युरॅसिल. तो गट चिकटवण्यास पेशीला वेगळी ऊर्जा खर्चावी लागते. हा खर्च कशासाठी, याचा उलगडा येथे होतो. डीएनएच्या वर्णमालेत युरॅसिल हे वैध अक्षर असते, तर सायटोसीनपासून झालेले अपघाती युरॅसिल आणि मुळातले युरॅसिल यांत भेद करता आला नसता. युरॅसिलला वर्णमालेबाहेर ठेवल्यामुळे ते कोठेही दिसले तरी परकेच ठरते. एंझाइमाने मजकूर वाचण्याची गरज उरत नाही. परका वर्ण ओळखला की पुरे.

ही ओळख पटवण्याची रीत शुद्ध आकाराची आहे. मानवी युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेझ डीएनएच्या पेडांवरून सरकत जाते, कणा किंचित दाबते, आणि सैल झालेला क्षारक जिन्याच्या आतून बाहेर वळून एंझाइमाच्या एका खोबणीत शिरतो. त्याच्या रिकाम्या जागी ल्यूसीन या अ‍ॅमिनो अम्लाची पाचर बसते. खोबणीत केवळ युरॅसिल मावते. १४७ व्या स्थानावरील टायरोसीन थायमीनच्या मेथिल गटास आड येते; २०४ व्या स्थानावरील अ‍ॅस्पॅराजीन युरॅसिलशी हायड्रोजन बंध जुळवते, पण सायटोसीनशी तिचे जुळत नाही. नॉर्वेतील हान्स क्रोकन यांच्या गटाने १९९६ मध्ये याची कसोटी घेतली. त्या टायरोसीनच्या जागी लहानसे अ‍ॅलानीन बसवताच एंझाइम निर्दोष थायमीनही कापू लागले. अ‍ॅस्पॅराजीनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक अम्ल येताच सायटोसीन कापू लागले. रक्षक आणि विध्वंसक यांत अंतर एका अ‍ॅमिनो अम्लाचे!

परका क्षारक तोडल्यावर पेडात एक रिती जागा राहते, आणि ती मूळ दोषाहून कमी धोक्याची नसते. म्हणून पहिले एंझाइम काम संपल्यावरही काही काळ तेथेच चिकटून राहते. मग एपीई-१ हे एंझाइम येऊन त्या जागेशेजारी कणा छेदते, पॉलिमरेझ-बीटा शर्करेचा उरलेला तुकडा दूर करून योग्य न्यूक्लिओटाइड बसवते आणि लायगेझ-३ सांधा जोडते. योग्य कोणते, हे समोरच्या पेडातील ग्वानीन सांगते. दुपेडी रचनेचा हा लाभ नकलेच्या लाभाइतकाच मोलाचा मानावा लागेल.

जंबुपार किरणांनी शेजारचे दोन क्षारक एकमेकांस सांधले गेले, तर दोष इतका बोजड असतो की तो कोणत्याही खोबणीत मावत नाही. तेथे एक्सपीसी हे प्रथिन दोषास स्पर्शही करीत नाही. पेड फुगून सैल झाल्याचे हेरून ते समोरच्या निर्दोष पेडास धरते. त्यानंतर इतर प्रथिने खातरजमा करतात आणि सुमारे ३० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा कापून काढला जातो. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात सूर्यप्रकाशाने त्वचेचे कर्करोग बालवयातच उद्भवतात. त्या रुग्णांच्या पेशींत हीच दुरुस्ती होत नसल्याचे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले.

येथवर दोष आकाराने उघडा पडत होता. खरी कसोटी लागते ती चुकीचे अक्षरही वर्णमालेतलेच असते तेव्हा. मानवी डीएनएमध्ये सायटोसीनपुढे ग्वानीन आले, तर त्या सायटोसीनवर बहुधा मेथिल गट चढवलेला असतो. जनुकांच्या नियमनासाठी पेशीला ही खूण लागते. पण अशा सायटोसीनचा अमिनो गट गळाला, तर युरॅसिल होत नाही, थेट थायमीन होते. वर वर्णिलेली सारी तजवीज या एका जागी फसते. समोरासमोर थायमीन आणि ग्वानीन उभे राहतात, दोघेही वैध. येथे थायमीन-डीएनए ग्लायकोसिलेझ नावाचे निराळे एंझाइम पक्षपाताने काम करते : ग्वानीनसमोर थायमीन दिसले, की दोषी थायमीनच, असे ते धरून चालते. पाठचिकित्सेत संपादक लेखनिकाच्या ठरावीक चुका जाणून पाठ निवडतो, त्याची येथे आठवण होते. भेद इतकाच, की भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-संपादकांपुढे अनेक प्रती होत्या, या एंझाइमापुढे दोनच पेड आणि तेही परस्परविरोधी. शिवाय हे एंझाइम मंदगती आहे. त्याचा परिणाम जनुकसंचात स्पष्ट दिसतो. सायटोसीन-ग्वानीन हा क्रम मानवी डीएनएमध्ये गणिताने अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच उरला आहे. पी-५३ या जनुकात कर्करोगांमध्ये वारंवार आढळणारी उत्परिवर्तने १७५, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या स्थानी होतात, आणि ही तिन्ही स्थाने याच क्रमाची आहेत.

नक्कल होताना पडणाऱ्या चुकांना असा पक्षपातही उपयोगी नाही, कारण तेथे विसंगत जोडीतील कोणताही क्षारक चुकीचा असू शकतो. पॉलिमरेझ साधारणतः लाखात एक चूक करते, तीही बहुतेक स्वतःच निस्तरते; उरलेल्या चुका एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही जोडप्रथिने शोधतात. विसंगत जोडीपाशी पेड वाकतो, एवढे त्यांस कळते. कोणता पेड जुना, हे कळत नाही. जीवाणूने यावर सुरेख उपाय योजला आहे : जुन्या पेडावर मेथिल खुणा असतात, नव्यावर त्या उमटण्यास काही वेळ लागतो, तेवढ्यात नवा पेड ओळखून कापला जातो. मानवी पेशी ही खूण वापरत नाही. तेथे नव्या पेडात अद्याप न जुळलेले सांधे असतात, आणि नकलेच्या वेळी पेडांभोवती चढवलेले पीसीएनए नावाचे कडे एका विशिष्ट दिशेने बसलेले असते. त्या कड्याच्या तोंडावरून एमएलएच-१ व पीएमएस-२ या प्रथिनांना नवा पेड कोणता ते कळते, आणि ती तोच छेदतात. म्हणजे निर्णय अक्षरावरून होत नाही, भोवतालच्या अवस्थेवरून होतो. आणि ती अवस्था क्षणिक असते. सांधे जुळले, कडे निघाले, की चूक आणि मूळ यांत भेद करणारे काहीच उरत नाही.

या प्रथिनांपैकी एकाच्या जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असणे, हे लिंच लक्षणसमूहाचे कारण होय. एमएसएच-२ या जनुकाशी त्याचा संबंध १९९३ मध्ये सिद्ध झाला. एखाद्या पेशीतील दुसरी प्रतही निकामी झाली, म्हणजे तिच्या वंशजांत चुका साचत जातात, विशेषतः एकच आखूड क्रम पुनःपुन्हा येतो अशा भागांत, आणि मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तुलनेने तरुण वयात उद्भवतो. मात्र त्याच चुकांमुळे या गाठींच्या पेशी विचित्र प्रथिने बनवतात आणि शरीराच्या प्रतिकारसंस्थेस परक्या दिसू लागतात. त्या संस्थेवरील आवर दूर करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत अशा गाठींसाठी मंजूर झाले. ती गाठ कोणत्या अवयवातील आहे, हे त्या मंजुरीत विचारात घेतलेले नाही. केवळ दुरुस्तीचा हा दोष तीत असणे पुरेसे मानलेले आहे.