न भरणारी जखम आणि मित्राचे कर्तव्य



उसाच्या फडात काणीचा एक काळा चाबूक दिसला, की ‘बघू पुढच्या आठवड्यात’ असे आपण म्हणत नाही. त्यावर पोते घालून ते बेट मुळासकट काढतो व जाळतो. मग स्वतःच्या तोंडातील जखम महिनोन्‌महिने का पोसतो?

आपल्या देशातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार आढळतो. निपाणीचा मुलूख तर तंबाखूचाच. चुना-तंबाखूची चिमूट, विडी, गुटखा आणि आयाबहिणींची मिसरी ही त्याची मुख्य कारणे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तीही कर्करोगकारक म्हणून जाहीर केली आहे. त्यात दारूची भर पडली, की धोका कितीतरी वाढतो.

पुढील खुणा ध्यानात ठेवाव्या :

१. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम.
२. गाल, जीभ वा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा.
३. तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट न सोसणे.
४. मानेत गाठ, विनाकारण दात हलणे, गिळताना त्रास.

सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशासमोर तोंड पाहावे. केरळातील एका मोठ्या पाहणीत कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांश घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढायचे म्हटले तर घाबरू नये. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ हा खोटा समज आहे. वेळेवर आलेले बहुतेक रोगी वाचतात. उशीर मात्र घात करतो.

आता मित्राविषयी. निदान ऐकताच माणूस सुन्न होतो, डॉक्टरांचे निम्मे बोलणे त्याच्या कानांवरून जाते. म्हणून सोबत जा. सांगितलेले लिहून घ्या, कागद एका पिशवीत ठेवा, आयुष्मान योजनेची चौकशी करा. किरणोपचार बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. तेवढ्या काळात त्याची म्हैस कोण पिळणार, उसाला पाण्याची पाळी कोण देणार? गल्लीतील चौघांनी वार वाटून घ्यावे. तोंड सोलवटलेले असते. बिनतिखट पेज, मऊ भात, अंडे असे काही पोहोचवावे.

‘तंबाखूचे फळ भोगतोयस’ असे बोलू नये. ‘तुला काही झालेले नाही’ असेही म्हणू नये. दवाखाना सोडवून झाडपाल्याच्या मागे तर मुळीच लावू नये. हा रोग शेजारी बसल्याने लागत नाही. शस्त्रक्रियेने चेहरा बदलला तरी नजर चुकवू नका. त्याच्यासमोर तंबाखू मळू नका. जमल्यास त्याच्याबरोबर तुम्हीही सोडा.

आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यास धर्मगुरू घरी आले, म्हणजे शेवट आला असे समजू नये. तो संस्कार आजाऱ्याला बळ देण्यासाठी आहे. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून प्रभूपुढे उतरविले. तो स्वतः चालू शकत नव्हता. पण खाट उचलणारे चौघे त्याला होते.

तुमच्या ओळखीत कुणाची जखम भरत नसेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी त्याला आधी दवाखान्यात न्या, मग बाजार करा.