राखीव संगणकाचा वेळ

अमेरिकेच्या 'कोलंबिया' या अंतराळयानाचे पहिले उड्डाण १० एप्रिल १९८१ रोजी ऐनवेळी तहकूब करावे लागले, आणि त्याचे कारण, मौजेची गोष्ट अशी की, संकटसमयी यान वाचवावे म्हणून मुद्दाम बसविलेला पाचवा संगणकच होता. मुख्य चार संगणक एकच आज्ञावली बरोबरीने चालवीत व परस्परांची उत्तरे पडताळीत, त्यामुळे एखादा बिघडल्यास तो उघडा पडे. परंतु चौघांच्या सामाईक आज्ञावलीतच चूक दडली असेल तर बहुमतही चुकणार, हे ओळखून पाचव्याची आज्ञावली दुसऱ्या कंपनीकडून स्वतंत्र लिहून घेतली होती. त्या दिवशी चौघांचे आपसांत पूर्ण एकमत होते. मात्र त्यांची काही कामे इतर कामांच्या मानाने एक आवर्तन, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकी, मागेपुढे पडली होती, आणि तेवढ्यावरून पाचव्याने त्यांचे म्हणणे ऐकण्याचे नाकारले. संगणक बंद करून पुन्हा सुरू करताच मेळ बसला व दोन दिवसांनी जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन यान निघाले.

अशा यंत्रणांत मुदत उलटल्यावर आलेले बिनचूक उत्तरही निरुपयोगी असते. म्हणून कामांचे वेळापत्रक आखतानाच बिघाडाची तजवीज करावी लागते. तिची एक प्रसिद्ध रीत अशी, की प्रत्येक कामाची मूळ प्रत एका संगणकावर व राखीव प्रत दुसऱ्यावर नेमायची, आणि मूळ प्रत फसल्याचे कळल्यानंतरही राखीव प्रत मुदतीत पुरी होईल इतका अवधी आधीच राखून ठेवायचा. मूळ काम सुरळीत पार पडले की तो अवधी मोकळा होऊन नव्या कामाच्या उपयोगी पडतो. याहून चतुर काटकसर अशी, की ज्यांच्या मूळ प्रती निरनिराळ्या संगणकांवर आहेत, अशा दोन कामांच्या राखीव प्रतींना तिसऱ्या संगणकावर एकच वेळ द्यायचा, कारण दोन्ही संगणक एकदम बिघडणार नाहीत, असे गृहीत धरलेले असते. पहिल्या बिघाडातून सावरण्यापूर्वीच दुसरा उद्भवला तर मात्र हा सारा हिशेब कोलमडतो. तेव्हा ही काटकसर कोठवर करावी याचा निर्णय वेळापत्रक आखणाऱ्या गणितज्ञाकडे न सोपविता, बिघाडाची किंमत ज्याला मोजावी लागणार त्याने करावा, हेच योग्य.