जुने तारे, पण एकसारखे नाहीत

उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याची माणसं गच्चीवर अंथरुणं टाकतात. त्यांच्या डोक्यावरच्या आकाशात विश्वातल्या काही सर्वांत जुन्या वस्त्या आहेत : गोलाकार तारकागुच्छ. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. बहुतेकांचं वय ११ ते १३ अब्ज वर्षं, तर सूर्याचं जेमतेम ४.६ अब्ज. या गुच्छांतले तारे कशाचे बनले आहेत, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : हे विश्वातले पहिले तारे, त्यांत फक्त हायड्रोजन आणि हेलियम.

वस्तुस्थिती : त्यांत लोहही आहे, फक्त थोडं. शौरी समूहातल्या एम १३ मध्ये लोहाचं प्रमाण सूर्याच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतकं, तर एम ९२ मध्ये दोनशेव्या हिश्श्याइतकं आहे. लोह ताऱ्यांमुळेच तयार होतं आणि स्फोटांतून अवकाशात पसरतं. म्हणजे यांच्याही आधी तारे जन्मून संपले होते.

गैरसमज : एका गुच्छातले सगळे तारे एकाच ढगातून जन्मले, म्हणून त्यांची घडण एकच.

वस्तुस्थिती : बहुतेक गुच्छांत लोह सर्व ताऱ्यांत जवळपास सारखं असतं, पण हलक्या मूलद्रव्यांचं तसं नाही. काही ताऱ्यांत सोडियम जास्त आणि ऑक्सिजन कमी. नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी. असा फरक पडायला कोट्यवधी अंश तापमानाची भट्टी लागते. आज तिथे उरलेले तारे सूर्याहून लहान आहेत. सोडियम घडवण्याइतकी उष्णता त्यांच्या पोटात नाही. म्हणून हा माल त्यांना जन्मतःच आधीच्या मोठ्या ताऱ्यांकडून मिळाला असावा. तो नेमका कसा, हे कोडं अजून सुटलेलं नाही. नरतुरंग समूहातल्या ओमेगा सेंटॉरीत तर लोहही ताऱ्यागणिक बदलतं. आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा हा गाभा असावा, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात.

गैरसमज : तिथे गेल्याशिवाय हे कळणं अशक्य, सगळा अंदाजच.

वस्तुस्थिती : ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी दिसतात. हेलियम असाच आधी सूर्यात सापडला, पृथ्वीवर पुढे १८९५ मध्ये. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून तो शोधला, असं महाराष्ट्रात सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी आले.

गैरसमज : असे गुच्छ बघायला परदेशातल्या वेधशाळाच लागतात.

वस्तुस्थिती : ओमेगा सेंटॉरी लंडनहून कधीच दिसत नाही. वऱ्हाडातून मात्र मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजापासून २१-२२ अंशांवर असतो. चिखलदऱ्यासारख्या अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपका दिसतो. द्विनेत्री असेल तर फारच छान. तो ठिपका म्हणजे १७ हजार प्रकाशवर्षांवरचे सुमारे एक कोटी तारे. शाळांनी मुलांना मूलद्रव्यांची सारणी शिकवताना तो एकदा जरूर दाखवावा.