वाकणारं शेपूट

सांता बार्बरातल्या या गॅरेजात गाडीला जागाच नाही. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर सहा फुटी सर्फबोर्ड उताणा पडलाय. त्याच्या पांढऱ्या अंगावर जोड स्पष्ट दिसतायत. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतून निघालेले थर्माकोलचे ठोकळे एकमेकांना चिकटवून, तापल्या तारेनं कापून ही फळी घडवलीय. कणा म्हणून मधे घातलेली पट्टी मोडक्या कपाटाची. तळाला इपॉक्सीत भिजवलेलं फायबरग्लासचं कापड कालच बसवलंय. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडलं असतं, पण त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं.

आता शेपटाची पाळी. पन्नाशीचा सुतार शेवटच्या फूटभरातला थर्माकोल वरून खोबऱ्यासारखा किसायला घेतो. दाणे उडून त्याच्या भुवयांना, माझ्या बाहीला चिकटतात. तो ते झाडून, वेचून पिशवीत भरतो. नाहीतर हेच दाणे नाल्यावाटे समुद्रात जातात आणि मासे ते गिळतात. म्हणून त्याची ही काळजी मला फळीइतकीच मोलाची वाटते.

किसून किसून खाली उरते फक्त फायबरग्लासची कातडी. मागं दिवा धरला की उजेड आरपार येतो आणि थर मोजता येतात: फळीकडे पाच, टोकाला दोन. थर एकदम संपवून चालत नाही, एकेक आखूड करत न्यावा लागतो. नाहीतर थर्माकोल संपतो त्याच रेषेवर फळी तडकते.

ही विद्या याच गावची. इथल्या जॉर्ज ग्रीनोनं १९६० च्या दशकात गुडघ्यांवर बसून चालवायची ‘व्हेलो’ ही फळी बनवली. तिच्या मागच्या भागात फोम जवळजवळ नव्हताच, नुसता लवचीक फायबरग्लास. १९६६ मध्ये सॅन दिएगोला नॅट यंग सर्फिंगचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या फळीखालचा फिनही ग्रीनोच्या घडणीचा होता. वळताना भार पडला की असं लवचीक शेपूट वाकतं, तळाची कमान वाढते आणि फळी थोडक्या जागेत वळते. भार सुटला की ते उसळून सरळ होतं आणि वळणातून बाहेर पडताना जोर देतं.

सुतार तळव्यानं शेपूट दाबतो. डावी बाजू जरा जास्तच वाकते. तो कापडाची अरुंद पट्टी कापून तिथं ठेवतो, वर रेझिन ओततो. पांढरी वीण बघता बघता पारदर्शक होते. ‘उद्या पुन्हा दाबून बघू,’ तो म्हणतो. दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत ही फळी तो पाण्यात नेणार नाही.