घरातील नेब्युलायझर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटसारख्या गावात मळणीची धूळ, चुलीचा धूर आणि थंडीतले सर्दी-पडसे हे सारे घटक दमेकरी मुलाची धाप वाढवू शकतात. त्यामुळे रात्री-अपरात्री धावपळ नको म्हणून पालकांनी घरी नेब्युलायझर ठेवणे रास्तच आहे. मात्र या यंत्राविषयीच्या काही समजुती उपचारातच खोट आणतात.

नेब्युलायझर गरम पाण्याची वाफ देतो, ही त्यांतली सर्वांत रूढ समजूत होय. वस्तुतः त्याचा कॉम्प्रेसर दाबाखालील हवा औषधाच्या कपात सोडतो आणि द्रव न तापवता त्याचे सूक्ष्म तुषार करतो. त्यांतील साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) श्वासनलिकांच्या खोल शाखांपर्यंत पोहोचतात. म्हणूनच कपात निलगिरीचे तेल किंवा नळाचे पाणी घालणे अपायकारक ठरते, कारण साध्या पाण्याच्या तुषारांनी दमेकऱ्याच्या श्वासनलिका अधिकच आवळल्या जाऊ शकतात आणि पाण्यातील जंतू थेट फुप्फुसात उतरतात.

नेब्युलायझरमधून दिल्या जाणाऱ्या औषधांची सवय लागते, असेही मानले जाते. साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम ४ ते ६ तास टिकतो. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवते, पण आलेली धाप तत्काळ थांबवत नाही. यांपैकी कशाचेही व्यसन लागत नाही. साल्ब्युटामॉल वरचेवर लागू लागले, तर तो दमा आटोक्यात नसल्याचा संकेत असतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास प्रौढपणीची उंची सुमारे १ सेंटिमीटरने कमी राहू शकते, हे खरे. तथापि अनियंत्रित दम्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असल्याने मूल बरे दिसू लागताच पालकांनी ते परस्पर बंद करू नये. ते दिल्यानंतर मात्र चूळ भरायला लावावी आणि मास्कखालचा चेहरा धुवावा.

मास्क नाकासमोर दूर धरला तरी चालतो, या समजुतीने बरेचसे औषध हवेतच विरते. मास्क चेहऱ्याला नीट टेकलेला असावा आणि मूल शक्यतो शांत असावे, कारण रडताना फुप्फुसापर्यंत फारच थोडे औषध पोहोचते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे पंपापेक्षा (इनहेलरपेक्षा) यंत्र अधिक प्रभावी असते, हा होय. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, वापरून दिलेले साल्ब्युटामॉल दम्याच्या सौम्य व मध्यम झटक्यात नेब्युलायझरइतकेच गुणकारी ठरते, असे कॉक्रेन संस्थेच्या पुनरावलोकनात दिसून आले असून मुलांमध्ये त्याने नाडीचा वेगही कमी वाढतो. लहान मुलासाठी स्पेसरला मास्क जोडता येतो, पंप हलवून एका वेळी एकच फवारा सोडायचा असतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. जिथे वीज जाते, तिथे हा गुण निर्णायक आहे.

प्रत्येक खोकल्यावर नेब्युलायझर लावणेही व्यर्थ आहे, कारण साध्या सर्दीत साल्ब्युटामॉलचा उपयोग होत नाही. तान्ह्या बाळांच्या ब्रॉन्किओलायटिस या विषाणूजन्य आजारातही ते देऊ नये, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ मध्ये सांगितले. औषध देऊनही फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, मूल बोलू किंवा पिऊ शकत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा ते गुंगीत जात असेल, तर घरी पुन्हा पुन्हा यंत्र लावून वाट पाहणे घातक ठरते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत मुलाला बसते ठेवून डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेल्या मात्रेत साल्ब्युटामॉल चालू ठेवावे.