जुन्या रँगलरचे कंट्रोल आर्म कसे ओळखाल?

सेकंडहँड जीप रँगलर टीजे (१९९७–२००६) बघताय? आधी गाडीखाली शिरा. दोन्ही ॲक्सलना प्रत्येकी ४, असे एकूण ८ कंट्रोल आर्म दिसतील.

🔧 कंपनीचे आर्म: दाबून वाकवलेल्या पत्र्याचे, एका बाजूने उघडे, रबरी बुशचे. आफ्टरमार्केट बहुधा जाड नळीचे.

🔧 फिक्स की ॲडजस्टेबल? टोकाला आटे आणि चेकनट असेल तर लांबी बदलता येते. लिफ्टमुळे (गाडी उंच केल्याने) बिघडलेला कॅस्टर आणि पिनियनचा अँगल त्यानेच जागेवर येतो.

🔧 सांधा कुठला?
• रबर: आवाज नाही, धक्के गिळतं. बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच पक्का आवळा, नाहीतर बुश पिळून फाटतो.
• पॉलियुरेथेन: टणक, पण वळायला कंजूष. ग्रीस संपलं की कुरकुर सुरू.
• जॉनी जॉइंट: आत गोळा, कडेला सर्क्लिप. भरपूर वळतो, उघडून दुरुस्तही होतो.

🔧 आर्म मूळ ब्रॅकेट सोडून चॅसीच्या मध्याकडे गेलाय? मग ते लाँग आर्म किट.

माझी पसंती: २-३ इंच लिफ्टला शॉर्ट (मूळ ब्रॅकेटवरचे) ॲडजस्टेबल आर्म, एका टोकाला रबर, दुसऱ्याला जॉनी जॉइंट. तुमच्या गाडीला कुठले आहेत? फोटो टाका!